गव्हाची लापशी

ताईस धाकटीचा नमस्कार,

काळजी करू नकोस. रक्ताच्या तपासणीत मला सीलियाक निघाला, म्हणजे गव्हाने आतडं झिजतं. गहू जन्माचा बंद, पण औषधाचा खर्च नाही. देवाने स्वस्तात सोडवलं!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" मला आपली लहानपणीच गेलेली बहीण बाळी आठवली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. आई तिला मांडीवर घेऊन म्हणायची, "गव्हाची लापशी हलकी असते गं, दोन चमचे खा, माझी राणी." ती तोंड फिरवायची. आता जेवायला बसले की समोर ती दिसते, ओठ मिटलेली.

तुझ्या सोनीचं पोट अजून दुखतं का? गहू बंद करण्याआधीच तिचं रक्त तपासून घे, नंतर तपासणीत नीट कळत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. बाळीला देवाने नेलं म्हणते, तसंच म्हणू दे.

तुझीच,
धाकटी