वारुळापलीकडचे आईबाप

बिकिता,
२१ जुलै २०११, गुरुवार

चि. मैदेई,

अनेक आशीर्वाद. तू असशील तर आम्ही आहोत. तिकडे जोहान्सबर्गला कुणी अशी खुशाली सांगत नसेल आणि तुझीही सवय मोडली असेल, पण मला दुसरी सुरुवात सुचत नाही.

तुझं पत्र आणि सामान गुंबोने आणून दिलं. तेल, साखर, साबण, तुझ्या रुवाचा निळा स्वेटर, सगळं पोचलं. स्वेटर जरा मोठा झालाय, पण पोरगी वाढतेय, पुढच्या थंडीत बसेल. तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर शनिवारी गुंबोची गाडी परत निघायच्या आत द्यायचं आहे, हे माझ्या लक्षात आहे. त्यावर येतोच. आधी इकडच्या बातम्या ऐक.

तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. थंडी यंदा हाडांत शिरणारी आहे. शेजारची चेनाईची आई तुला विचारत होती, आणि तिची जीभ अजून तशीच आहे. आणि तुझा म्हातारा बाप पुन्हा शाळेत जायला लागला! हसू नकोस. नव्या हेडबाई आपल्या अंगणात येऊन बसल्या. तुझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "मास्तर, पहिलीची पोरं आकड्यांना भितात. फळ्यावर पाच काढला की मी साप काढल्यासारखं बघतात."

मी म्हटलं, "मग फळा पुसून टाका."

दुसऱ्या दिवशी मी पोरांना घेऊन झाडाखाली बसलो. जमिनीत वाटीएवढा खड्डा केला आणि त्यात खडे टाकले. एक खडा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत हवे तेवढे बाहेर ओढायचे, पुन्हा उडवायचा, एक ठेवून बाकीचे आत लोटायचे. तू तासन्‌तास खेळायचीस तोच खेळ. हेडबाई म्हणाल्या, "हा तर आम्हीही खेळायचो." मी विचारलं, "मग बाई, मोजायला तुम्ही शाळेत शिकलात असं वाटतं का तुम्हाला?" त्या हसल्या आणि पदवीधर बाई धुळीत मांडी घालून बसल्या. आठवड्याभरात पोरं बेरीज-वजाबाकी करायला लागली, आणि आपण ती करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग सुगी संपली तशी मी भातुकली काढली. आपली खरी भातुकली, महुम्ब्वे, आताशा कुणी मांडत नाही. मक्याच्या ताटांच्या झोपड्या, खरी चूल, खरं पीठ. पोरांनी नदीकाठी बांधायला घेतलं. दोरीने मापं घ्यायची, डब्याने पीठ मोजायचं, माणसं किती आणि ताटल्या किती ते जुळवायचं, कोळशाने दगडावर घराचं नाव लिहायचं. मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. चेनाईची आई पाण्याला जाता जाता ओरडली, "काय मास्तर, या वयात घर मांडलंत? नवरी मिळाली का मी शोधू?" मी म्हटलं, "तूच ये, स्वयंपाकाला माणूस कमी आहे." घागर सांडेपर्यंत हसली.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे.

गेल्या शुक्रवारी झोपड्या उभ्या राहिल्या आणि मी विचारलं, "चला, आई कोण होणार?" पूर्वी या प्रश्नावर मारामाऱ्या व्हायच्या. तू आणि तुझी चुलतबहीण एकमेकींच्या झिंज्या धरून भांडला होतात. या वेळी एकही पोरगी पुढे आली नाही. मी आता सगळ्या पोरांचाच आजोबा. मग मुचानेता म्हणाली, "सेकुरू, मी आजी होते." लगेच कल्ला सुरू. "मी आजी!" "तू कसली आजी, माझी पाठ बघ कशी वाकते!"

मी म्हटलं, "अगं, पण घरात आई नको का?"

"असू दे की," मुचानेता म्हणाली. "पण ती घरात कशाला बसेल?"

गारिकाई बाप व्हायला तयार झाला. तयार झाला म्हणजे काय, प्लास्टिकची पिशवी काखोटीला मारली आणि चालू पडला. "कुठे रे?" "जोनीला! जोहान्सबर्गला! नाताळला येतो, बकरा बांधून ठेवा!" आणि जाऊन बसला वारुळापलीकडे. त्याच्यामागून आणखी एक गेला, मग दोन पोरी गेल्या. थोड्या वेळात वारुळाच्या मागे आईबापांची दाटी, आणि इकडे झोपड्यांत नुसत्या आज्या आणि लेकरं. तिकडचे चपला कानाला लावून बोंबलत होते, "हॅलो! पोरं बरी आहेत ना? साखर पाठवलीय!" इकडून एक आजी ओरडली, "शाळेची फी कधी पाठवतेस?" तिकडून तत्काळ उत्तर आलं, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही!"

मी हसून हसून पोट धरलं. हेडबाई हसल्या नाहीत. त्यांचा नवरा तिकडेच असतो.

तुला एक सांगतो. त्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, मग पाठवताय ना तिला?" आणि मी "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला स्वच्छ येत होता.

आता काळोख पडतोय आणि रुवा कोंबड्या कोंडायला हाक मारतेय. उद्या पुढे लिहितो.

शुक्रवार, दुपार

काल थांबलो ते कोंबड्यांमुळे नाही. पुढचं लिहायला हात वळत नव्हता.

त्या दिवशी रुवा ना झोपडीत होती ना वारुळामागे. ती गुंबो झाली होती. शाळेची ढकलगाडी ही तिची गाडी. पोट पुढे काढून, तोंडाने हॉर्न वाजवत, "चला, चला, आधी मागचं सामान द्या, कुणी माझा बंपर धरू नका!" हुबेहूब तो. वारुळाकडून साखर-साबण म्हणून माती नि दगड घ्यायची आणि घरोघर पोचवायची, कुणाचं किती ते तोंडपाठ. मी मास्तर, माझ्या मनात काय चाललं होतं? पोरीची वजाबाकी पक्की झाली.

मग परतीच्या खेपेला तिने मक्याच्या कणसाची बाहुली घेतली, चिंधीत गुंडाळली, गाडीच्या तळाशी आडवी ठेवली आणि वरून पोती टाकली.

मी विचारलं, "हे काय गं?"

"ही तिच्या आईकडे चाललीय."

"मग वर बसव की. सीटवर."

"सीटवर बसायला कागद लागतात, सेकुरू. हिला कागद नाहीत." आणि वाकून त्या कणसाला गुंबोच्या आवाजात दम दिला, "सरहद्दीचा पूल आला की श्वास धरायचा. खोकलीस तर शिपाई खाली उतरवतील. मग ना आई, ना आजोबा."

मैदेई, मी तिला एक शब्द बोललो नव्हतो. तुझं पत्र घडी करून माझ्या कोटाच्या खिशात होतं. पण फोनवर तुझा आवाज मोठा येतो, आणि गारिकाईची थोरली बहीण गेल्या वर्षी अशीच पोत्यांखालून गेली, ते वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कसं जायचं ते रुवाने स्वतःच गोळा केलं होतं.

या महिन्यात तिचा खोकला कमी झाला म्हणून मी खूश होतो. पहाटे उठून मध चाटवतो, त्याचाच गुण, असं चेनाईच्या आईला ऐकवतही होतो. त्या संध्याकाळी चुलीपाशी पाहिलं. खोकल्याची उबळ आली की पोरगी तोंडात ब्लँकेट कोंबते आणि लाल होईपर्यंत दम धरते. खोकला कमी झाला नव्हता. ती सराव करत होती.

गुंबोला बोलावून विचारलं. तुला तो आठवतच असेल, हाताची बोटं संपली की बूट काढून पुढचं मोजणारा. माणूस वाईट नाही. तुझं सामान त्याने कधी एक चिमूट कमी दिलं नाही. म्हणाला, "मास्तर, माझ्या हातून आजवर एक पोर हरवलं नाही." मी विचारलं, "रुवाला कुठे बसवशील?" तो टायरकडे बघायला लागला. "मास्तर, तुम्ही मला वर्गातसुद्धा असंच विचारायचात," म्हणाला आणि गेला.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. गुंबोबरोबर मी तिला पाठवणार नाही.

तू म्हणशील, म्हातारा एकटा पडेल म्हणून सबबी सांगतोय. एकटा पडेन हे खरं आहे. तुझी आई गेल्यापासून या घरात सकाळी रुवा शाळेत गेली की मी रेडिओ लावतो. बातम्यांसाठी नाही, कुणीतरी बोलत राहावं म्हणून. दोन ताटल्या धुतो त्यातली एक कमी झाली तर काय करीन, हे मी तुझं पत्र आल्यापासून रोज मनात खेळून पाहतोय आणि मला ते जमत नाही. एक दिवस मी एकटाच खड्डा करून खडे खेळत बसलो होतो. चांगले जमले, सगळे एका हातात आले. मान वर केली तर दाखवायला कुणी नाही. मला भीती वाटते, पोरी. हे कुणालाच बोललो नव्हतो, तुला लिहितोय.

पण नकार त्यासाठी नाही. मूल आईपाशीच वाढावं. मला ते कुणी शिकवायला नको. परवा तिचा पुढचा दात पडला तर तिने विचारलं, "आई मला अशी ओळखेल का?" या प्रश्नाला माझ्याकडे कुठलाही खेळ नाही. तू तिला तिथली भाषा शिकवायची म्हणतेस, जानेवारीत शाळेत घालायची म्हणतेस, दोन्ही बरोबर आहे. फक्त तिने श्वास धरून यायचं नाही.

भातुकलीचा शेवटचा दिवस मंगळवारी झाला. त्या दिवशी खऱ्या घरची मोठी माणसं पोरांच्या झोपडीत जेवायला येतात, मक्याच्या पिठाचा कच्चापक्का साद्झा खातात, वाहवा करतात आणि मग झोपड्या मोडतात, तुला आठवतं. तुझ्या झोपडीत मी आणि तुझी आई जेवलो होतो, त्या भाजीत वाळू होती आणि तुझ्या आईने ती दुसऱ्यांदा मागून खाल्ली. या वेळी आज्या आल्या, चार-दोन आजोबा आले. ज्यांचं कुणीच आलं नाही तिथे मी जाऊन जेवलो. पोटात अजून धोंडा आहे. सगळ्या झोपड्या मोडल्या. रुवाने मात्र दार अडवलं. "सेकुरू, अजून माझ्याकडची जेवायची माणसं आली नाहीत." मी म्हटलं, "मी आलोय ना?" म्हणाली, "तुम्ही घरचेच आहात. आईची ताटली राहिलीय."

पोरांनी थट्टा केली, हेडबाईंनी समजावलं, ती हलली नाही. शेवटी मीच म्हटलं, राहू दे. आपल्याकडे असं करत नाहीत, चेनाईच्या आईने दोन दिवस तोंड वाकडं केलं. तर ती एक झोपडी तेवढी नदीकाठी उभी आहे. रोज शाळा सुटली की रुवा तिथे जाऊन ताटली पुसून ठेवते. मक्याची ताटं ती, सप्टेंबरचा वारा ती ठेवणार नाही.

तू लिहिलंस, तुझे कागद झाले पण मालकीण नाताळाआधी सुट्टी देत नाही. तिला पुन्हा विचार. हट्ट धर, तुला तो येतो. आईच्या मातीला तू आली नाहीस. हे मी काढणार नव्हतो, पण निघालं. तेव्हा तुझ्याकडे कागद नव्हते, मी समजलो. राग होता, तो आता नाही. पण आता कागद आहेत आणि बोलवणारी जिवंत आहे, एवढंच सांगायचं आहे. रुवाचा जन्मदाखला आणि पुढचे कागद मी काढतो, सोमवारीच कचेरीत जाऊन बसतो. साहेब लोकांत माझे जुने विद्यार्थी बरेच आहेत, आणि त्यांना अजून माझी भीती वाटते.

तू ये. तिच्या झोपडीत वाकून शीर, वाळूची भाजी खा, दुसऱ्यांदा मागून घे. मग तिचा हात धरून तिला पुलावरून ने, सीटवर बसवून, खिडकीपाशी. खोकला आला तर खोकू दे. मी फाटकापर्यंत येईन आणि मग परत फिरेन. पुढचं माझं मी बघीन. पहिलीत पोरं बरीच आहेत, आणि चेनाईची आई आहेच.

हे पत्र गुंबोच्या गाडीने पाठवतोय. रुवाने विचारलं, पत्र कुठे बसून जाणार? मी सांगितलं, पुढे, सीटवर, गुंबोच्या शेजारी. तिला ते पटलं. तिने पाकिटावर कोळशाने झोपडी काढलीय, आत एक ताटली आहे. पुसू नकोस.

फोन करू नकोस. इकडे आवाज येत नाही.

ये.

वारुळाच्या अलीकडून,
तुझे बाबा