रिकाम्या खोलीतली वाफ

१२ जानेवारी
आज कामाचा पहिला दिवस, आणि जागा एकदम झकास! मरोळ गावठाणात बेसिल अंकलचं कौलारू घर आहे. मागची पडवी बंद करून त्यांनी खोली केलीय. रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये मुळा, मोहरी, तुळस यांची बोटभर कोवळी रोपं. एअरपोर्टजवळच्या हॉटेलांना जातात. माझं काम एकच, खोलीतला दमटपणा आटोक्यात ठेवायचा. मीटर साठच्या वर राहिला की बुरशी, आणि बुरशी धरली की मालाची वाट लागली. कणकवलीत शेतीचा डिप्लोमा करताना आई म्हणायची, दीप्ती, मुंबईत कुठे शेती करणार तू? तिला फोटो पाठवले. अंकलच्या बायकोने, फ्लेविया आंटीने, आल्या आल्या चहा आणि गरम तळलेले फुगे, त्यांच्याकडचे गोल पाव, दिले. चार खाल्ले.

१४ जानेवारी
मीटर खाली येत नाही. पाणी सकाळीच देते, तेही ट्रेच्या खालून. पंखे फिरवले, रॅक सुटे केले, हवा कोरडी करणारं मशीन दिवसभर चालू. तरी सत्तर. बाहेर थंडीने ओठ फुटलेत आणि आत घाम येतो.
माझ्याआधी इथे चंपा नावाची मुलगी होती. ती काय करायची, म्हणून विचारलं. अंकल म्हणाले, लग्न करून गावी गेली. दुपारी आंटी म्हणाली, तिला सांताक्रूझला नोकरी लागली.

१८ जानेवारी
आज सगळे ट्रे अंगणात काढले. फरशी कोरडी पुसली, खोली बंद केली आणि दाराच्या काचेतून मीटर बघत बसले. आकडा चढला. सावकाश, मी आत काम करत असताना चढतो तसाच. माणसाच्या श्वासातून वाफ निघते, हे शिकलेय मी. पण आत माणूस कुठे होता?
अंकल म्हणाले, मागे जुनी विहीर होती, बुजवलेली, तिची ओल. पटलं. मग मागच्या भिंतीच्या पांढऱ्या पॅनलला हात लावून पाहिला. ठणठणीत कोरडं. वळले तर अंकल दारात उभे, माझ्या हाताकडे बघत. कधी आले?

२१ जानेवारी
मशीनच्या टाकीत साचलेलं पाणी मोहरीला घातलं होतं. रोपं करपली. बोट बुडवून चाखलं. खारट. हवेतून निघालेलं पाणी खारट कसं असेल? आंटीला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. ओतून टाक म्हणाली, आणि अंकलना यातलं काही बोलू नकोस.

२३ जानेवारी
पॅनलवर एक धुकट ठिपका. बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. पुसला. परत आला. येतो, विरतो, येतो. मी श्वास रोखून पाहिला. तो चालूच.

२४ जानेवारी
नोकरी सोडतेय, असं आंटीला सांगितलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, चंपा आत असताना दार अडकलं होतं. हे दोघं वसईला लग्नाला गेलेले. पंखे बंद, रोपांवरचे तापणारे दिवे चालू. परत आले तेव्हा— अंकल म्हणाले, पोलीस नको. मी विचारलं, मग ती आहे कुठे?
"तुला माहितेय गं," आंटी म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार
पोलिसांना काय सांगू? भिंत श्वास घेते? आधी बघते, मग जाते. अंकल चर्चमध्ये आहेत. स्क्रू ड्रायव्हर आणलाय.

दोन स्क्रू निघाले. फटीतून कापड दिसतंय. ओढणी—

दाराला बाहेरून कडी. अंकल. काचेतून नुसते बघतायत. मी ओरडले, ते हलले नाहीत. आत फोनला रेंज नाही, म्हणून लिहितेय, कोणाला तरी—

बाहेरच्या स्विचवरून मशीन बंद केलं त्यांनी. पंखेही. मीटर नव्वद—

पॅनल हलतंय. मी हात लावलेला नाही. आतून—

मानेवर श्वास. गरम. माझ्या जवळून गेला, थांबला नाही, दाराकडे—

काच धुकटली. आतून नाही, बाहेरून. अंकल स्वतःचा गळा धरतायत. तोंडातून पाणी, नुसतं पाणी—

अंकल खाली पडलेत. कडी सरकतेय. आंटी नाही, आंटी अंगणात आहे, किंचाळतेय, मग ही कडी कोण—