कोपर वर

दुम्यात, इजिप्त, ईदनंतरचा मंगळवार

वगदी,

मी पत्र पाठवते आणि तुझी बायको फोनवर फुलांची चित्रं पाठवते. म्हातारपणी अक्षरं गिरवली ती फुलं बघायला नाही.

आता सलाम. तू, शिरीन, नातवंडं सुखात असा. कुवेतचा उकाडा सोसवतो ना? आम्ही बरे आहोत.

तुझ्या बापाला लकवा होऊन सहा वर्षं झाली. हाताचा डॉक्टर वेगळा, जिभेचा वेगळा, दोघांनीही केव्हाच हात टेकले. आता इनास नावाची पोरगी घरी येते, ती दोन्ही एकाच जुवाला जुंपते. उजवा हात वस्तूकडे न्यायचा आणि त्याच दमात तिचं नाव घ्यायचं. "मावशी, रोज लागणारे शब्द सांगा," म्हणाली. मी सांगितलं, चहा, रोटी, चीज. तुझा बाप पेल्याकडे बघेना. लाकूड कोरणारा उस्ताद, हट्ट तेवढा शाबूत.

मागच्या आठवड्यात त्याने रिकामाच हात तिच्यापुढे केला. म्हणाला, "अल्ला... तुमचं... भलं करो."

ती हरखली. "मावशी, मला दुआ दिली उस्तादांनी."

"दुआ कसली. मांडवाच्या दारात घरचे पुरुष दुखवट्याला आलेल्यांचा हात धरून हेच म्हणतात."

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही."

मागे तुला माझं पोट बिघडलंय म्हणून लिहिलं होतं. ती गाठ आहे. कापून उपयोग नाही म्हणतात. मी फक्त शेजारच्या करीमाला सांगितलं, तेही कुजबुजत. पण तुझ्या बापाची जीभ गेलीय, कान नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तालीम. मी दाराबाहेर जाते, आत येते, हात देते. "उस्ताद, धीर धरा." त्याचा हात खाली पडला की शब्दही पडतो. मी म्हणते, "अहो, कोपर वर. असा मेल्या माशासारखा हात दिलात तर लोक म्हणतील, बायको गेल्याचं सोयरसुतक नाही." काल तो हसला. मग रडायला लागला. मी परत दाराबाहेर गेले.

चार माणसांपुरता हात टिकतो. गल्लीतले सुतार तर सगळे येतील. कोपराला खालून आधार द्यायला शेजारी कुणी उभं हवं. ती जागा मुलाची. या घराचा उंबरा चढणार नाही म्हणून गेलास ना? मांडव रस्त्यात घालतात. उंबरा लागत नाही.

तुझी आई,
सादिया

उत्तर तू लिहायचं, शिरीनने नाही. पाकिटावर नाव बापाचं घाल. करीमा त्याला वाचून दाखवेल.