जांभळीच्या वावराची पेटी

सणसर

सौ. मंदाकिनीबाई,

बाई लिहिलं खरं, पण सातवीपर्यंत तुला मंदाच म्हणायचो. तू लेकाकडे रॉटरडॅमला राहायला गेलीस असं ऐकलं आणि नातवाच्या नकाशात ते बंदर शोधून ठेवलं.

आज आनंद पोटात मावेना, म्हणून लिहितो. तिकडच्याच एका कंपनीनं इंदापूरजवळ शीतगृह बांधलंय आणि आमची द्राक्षं ती थेट रॉटरडॅमला नेणार आहे! फळात औषधाचा अंश निघाला तर माल नापास, म्हणून आठ दिवस घास गोड लागला नव्हता. सकाळी सूनबाई रेश्मा मोबाईल नाचवतच आली, "आबा, रिपोर्ट आला! बाग पास हाय!"

मग कंपनीच्या माणसानं पेटीवर छापायला बागेचं नाव विचारलं.

"गट नंबर टाका की," रेश्मा म्हणाली.

"न्हाय. जांभळीचं वावर, असं छापा. आन् मराठीत."

"आवं आबा, जांभूळ पडून वीस वर्सं झाली! पेटीत तर द्राक्षं हायती!"

"असूं दे."

त्याच जांभळीखाली गुरुजी आपला वर्ग भरवायचे. कविता म्हणताना मी तिसऱ्या कडव्याला अडलो, की तू समोरून ओठ हलवून ओळ सांगायचीस.

हे पत्र काही मी टाकणार नाही. पेटी निघणारच आहे तिकडं. तिथल्या बाजारात ते नाव दिसलं, तर क्षणभर थांब. एवढंच सांगायचं राहिलं होतं, मंदा, की ती कविता मला पहिल्यापासून पाठ होती.

तिसऱ्या कडव्यापाशीच उभा,
संभाजी