विहिरीजवळची मिरची

प्रिय दीपिकाबाळ,

तू गेल्यापासून राणीसावरगावात ऊन वाढायलंय. रानं मोकळी पडलीत; हिरवं म्हणावं तर आपल्या विहिरीजवळची मिरची तेवढी. तुझ्या आजीनं, मनकर्णानं, देवाघरी जाण्याआधीच्या वर्षी लावलेली. दरसाल छाटतो, पाणी घालतो, ती पुन्हा फुटते. पानं चुरडलेली, पण फांदी हलवली की पांढऱ्या माश्यांची भुकटी उडते. शाळेत कविता ऐकताना भान हरपून बसायचो ना, तसा मी तिथं बसायचो. मला ते दिवसाढवळ्या पडलेलं चांदणं वाटायचं. तू भिंग लावून पाहिलंस नि म्हणालीस, "आजोबा, चांदणं कसलं? रोगाची वरात हाय ही!"

मिरचीच्या रोगावरच्या तुझ्या अभ्यासाचा साधाच प्रश्न होता. उन्हाळ्यात शिवारात मिरची नसते, मग ही पांढरी माशी पानं चुरडणारा हा चुरडा-मुरडा रोग घेऊन राहते कुठं? उत्तर माझ्याच विहिरीवर निघालं. पावसाळा लागला की तिथून उठून ती साऱ्या गावाच्या नव्या लावणीवर उतरते. तेव्हा मी डोळ्यांत पाणी आणलं. म्हणालो, "आपलं रान रोगाच्या नकाशात दावू नको, बाई." तू ऐकलंस. तुझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाला मीच भोक पाडलं.

इकडं गावानं रोपवाटिकेवाल्या मुंजाजीला धरलं. त्याचीच रोपं रोगट, असा बोभाटा झाला. पारावर त्याला "चुरडा-मुरडा शेठ" म्हणतात. एकदा मीही हसलो गं. यंदा त्याच्याकडं एकानंही रोपं सांगितली न्हाईत.

काल त्याच्या दारी गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, माझा हात धजत नाही, तेवढी झाडं तू गुपचूप उपटून टाक. तो म्हणाला, "गुपचूप कशाला, दिनकरराव? माझं नाव काय गुपचूप गेलं का?" चहा न पिताच परतलो.

म्हणून हे पत्र. नकाशात आपली विहीर दाखव, खाली माझं नाव लिही आणि तो चावडीवर सगळ्यांदेखत उलगड. मी मुंजाजीच्या शेजारी बसेन. त्यानं बसू दिलं तर. झाडं त्याच दिवशी, सारा गाव बघत असताना, माझ्याच हातानं उपटीन. हात अडला तर तू मदतीला येऊ नकोस.

तुझाच शरमिंदा,
आजोबा