विहिरीत न काढायचा शब्द

चि. धाकट्या भावास,

ताईचा आशीर्वाद. जपून वापर, आता फारसे शिल्लक नाहीत. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तुझं पत्र फक्त दुखण्याबरोबर येतं आणि यंदा पत्र नाही. भावजयीला सांग, गुडघ्याला तेल लाव आणि जिभेला विश्रांती दे. पत्र माझं आहे, हात सूनबाईचा. तू शाळेत जायचास तेव्हा मी तुला दारापर्यंत पोचवून मागे फिरायचे, त्यामुळे अक्षरांनी मला कायमची पाठच दाखवली. सूनबाईची अट अशी की मी सांगेन ते ती लिहील, पण तिला स्वतःला काही म्हणायचं असलं तर कंसात घालील. कंस म्हणजे दोन कोयते समोरासमोर ठेवल्यासारख्या खुणा म्हणे. तेव्हा कोयत्यांच्या मधलं सगळं तिचं. (नमस्कार मामा. आई सांगतात त्यातलं निम्मं खरं धरा.) बघ, आताच काहीतरी खरडलं.

इकडे सगळं नेहमीसारखं, म्हणजे गोल. आमची लाकडी विहीर अजून उभी आहे. फळ्या जुन्या, बोल्ट नवे, आणि तुझा भाचा दोन्हींच्या मधला. पन्नाशीला आला तरी त्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवतोच आहे. लोक वरच्या कठड्यावरून वाकून बघतात, सूनबाई भोंग्यावर ओरडते आणि मी जिन्याशी बसून तिकिटं फाडते. पाटीवर 'मृत्यूची विहीर' असं लिहिलंय म्हणे. वाचता येत नाही ते किती बरं बघ, मी आपली नुसत्या विहिरीशी बसते. मागे तू त्याला निरोप धाडलास की माझ्या गॅरेजात ये, दोघं मिळून चालवू. त्यावर चिरंजीव म्हणतात, 'मामाकडे गाड्या उभ्या असतात. उभी गाडी मला बघवत नाही.' यात तुझाही दोष आहेच. तू उघडलेली गाडी परत जोडून मिळेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण माझं मागणं एकच, त्याने आता भिंतीवरून उतरावं, आणि स्वतःच्या पायांनी उतरावं. एवढ्यासाठी हे पत्र. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. पण वाच, मी घसा कोरडा करून सांगतेय.

आमच्या घरात एक शब्द तोंडातून काढायचा नाही, हे तू विसरला नसशील. सासूबाईंपासूनचा दंडक आहे. पिकलेलं फळ झाडावरून जे करतं, तो शब्द. आमच्याकडे पाऊस नुसता येतो, पुढे काही करत नाही. अंधार होतो, भाव उतरतात, आणि प्रेमात माणसं चढतात. तुझे मेहुणे भिंतीवरून शेवटचे खाली आले तेव्हा दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, बाई, कसं झालं हो? मी म्हटलं, उतरले, जरा घाईने. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. फिरलं असेलही, पण शब्द मी काढला नाही. सूनबाई तर माझ्या वरताण, ती तो लिहायलाही तयार नाही. जिथे येईल तिथे रेघ मारणार आहे. रेघ दिसली की मनातल्या मनात वाच.

तर अशा या घरात कॉलेजातले एक मास्तर आले. गोल फिरणाऱ्या वस्तूंचं शास्त्र शिकवतात. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन कठड्यावर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात विचारतात, 'हा माणूस ——— का नाही?' सूनबाईच्या हातून भोंगा सुटला. (सुटला नाही. ठेवला.) मास्तरांचं चालूच. वेग कमी झाला तर कसा ———, फळी ओली असेल तर केव्हा ———. आपण अंगावर जे घालतो त्याच्या नावातसुद्धा तो शब्द मधोमध दबा धरून बसलाय, हेही त्यांनीच दाखवून दिलं, तेव्हापासून सूनबाई नुसतं 'धुणं' म्हणते. पण माणूस वाईट नाही. ते म्हणतात, तुमचा मुलगा भिंतीला बाहेर ढकलतो एवढंच तुम्हाला दिसतं, पण भिंत त्याला सारखी आत ढकलत असते, म्हणून तो वळतो. नाहीतर गेला असता सरळ. आणि या ढकलाढकलीत चाक फळीला घट्ट धरून राहतं, म्हणून घसरत नाही. मी म्हटलं, मास्तर, हे सासरासारखंच झालं, कोण कुणाला ढकलतंय ते वरून बघणाऱ्याला कधी कळत नाही. (हे मला उद्देशून होतं.)

शिवाय म्हणे जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते. वस्तू जितकी जड तितकी ओढ जास्त, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ पाव हिश्श्यावर येते. तू आमच्याकडे का येत नाहीस ते मला अखेर शास्त्राने कळलं. भावजय जड आणि जवळ, मी हलकी आणि लांब. तुझा काही इलाज नाही.

एकदा दिवेलागणीला चंद्र वर आला तेव्हा म्हणाले, आजी, तो बघा, तो सारखा ——— असतो. मी म्हटलं, कुठे? चांगला जागेवर तर आहे. तर म्हणे पृथ्वी त्याला खाली ओढते, पण तो आडवा इतक्या जोरात पळतो की दर वेळी जमीन चुकते. म्हणून बिचारा येतच राहतो आणि पोचत कधीच नाही. मी म्हटलं, मास्तर, सांगायला इतक्या लांब कशाला गेलात, आमच्या घराण्याचीच गोष्ट आहे. थांबला की संपला, म्हणून थांबायचं नाही. दमलेल्या माणसाने हे असलं ऐकू नये. मला तेव्हापासून चंद्राकडे बघितलं की पाय दुखतात.

मग बादलीचा प्रकार झाला. भरलेली बादली डोक्यावरून गरगर फिरवली तरी थेंब सांडत नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. बादली आमची. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, फिरवली, खरोखरच थेंब सांडला नाही, टाळ्या झाल्या, आणि कडी निसटली. शेजारी साखरेचा कापूस काढणारा बसतो. त्याचंही चक्रच, त्यात साखर घालून फिरवली की धागे उडतात, त्यालाच लोक 'म्हातारीचे केस' म्हणतात. (आईंसमोर हळू म्हणतात.) बादली गेली ती थेट त्या कापसावर. मास्तरांना काय आनंद! 'बघा, सुटली की गोल जात नाही, सरळ जाते, स्पर्शरेषेने!' ही स्पर्शरेषा कोण ते मला माहीत नाही, पण पाण्याबरोबर म्हातारीचे सगळे केस गेले. उरले ते माझ्याइतकेच. कापूसवाला आठवडाभर बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हा आधीचंच बरं होतं असं वाटलं.

एवढ्यावर थांबले तर ते मास्तर कसले! त्यांना विहिरीच्या तळाशी मधोमध उभं राहून खेळ बघायचा होता. तुझा भाचा म्हणाला, बघा, पण माझ्याबरोबर मान फिरवू नका. मास्तरांनी मान फिरवली, मग मानेमागून खांदे, खांद्यामागून स्वतः. इतक्या वर्षांत या विहिरीत कितीजण उभ्या भिंतीवर चढले नि धड उतरले, आणि हा एक माणूस सपाट जमिनीवर उभा होता तो ———. गाडी त्यांच्या डोक्यावरून घोंघावतेय आणि हे खाली हातपाय पसरून 'छान, छान' म्हणतायत. सूनबाईने त्या दिवशीचे उरलेले खेळ बंद ठेवले. (विहिरीत ——— माणूस पाहिल्यावर मी भोंग्यावर हसत बोलायचं कसं?)

चक्कर ही फार वाईट, बाबा. मलाही हल्ली येते. खेळ संपवून खाली आलं की थोडा वेळ खांब धरून उभं राहावं लागतं. बुटाची नाडी बांधायला वाकलं की जमीन फिरते. (आई चपला घालतात.) मधे बोलू नकोस ग. म्हणजे नाडी बांधल्यासारखं वाकलं की. आयुष्यभर दुसऱ्यांना फिरताना बघितलं, त्याचं हे व्याज असेल.

आता पुरे. लोभ असावा; तो जमत नसेल तर निदान गुरुत्वाकर्षण तरी असावं.

तुझी ताई

ता. क. मला थोडे दिवस तुझ्याकडे बोलावून घे. लिही की ताईची काळजी वाटते. खोटं असलं तरी लिही. एकटीला प्रवास झेपणार नाही, म्हणून भाच्यानेच आपल्या गाडीवरून आणून सोडावं, असंही लिही. (भिंतीवर जन्मभर डावीकडे वळल्यामुळे ह्यांची गाडी सरळ रस्त्यालाही डावीकडे ओढते. आईंना घट्ट धरून बसावं लागेल.)

आणखी एक ता. क. हात बदललाय. सूनबाई पाणी भरायला गेली म्हणून हे मास्तरांकडून लिहून घेते. हा माणूस तो शब्द बेधडक लिहितो. लिहा मास्तर, पडणे. (लिहिले.) बघ, काही झालं नाही, विहीर उभी आहे. आता ऐक. चक्कर मला येत नाही. माझं डोकं तुझ्या डोक्यापेक्षा जागेवर आहे. चक्कर तुझ्या भाच्याला येते. मधे गाडीवरून उतरला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. मला बघितलं तसा म्हणतो, 'काही नाही आई, खांब हलतोय का बघत होतो.' खांब हलत नव्हता. सूनबाईला यातलं काही माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही, नाहीतर ती त्या भोंग्यापाशी उभीच राहू शकणार नाही. त्याला तू उतर म्हणालास तर तो उलट अजून दोन फळ्या वर चढेल. मी मास्तरांना विचारलं, फिरणाऱ्याला खाली आणायचं कसं? म्हणाले, भिंतीवर एकदम ब्रेक मारायचा नाही, वेग हळूहळू कमी करायचा. तर तू असं कर. तो मला सोडायला आला की म्हण, गाडीचा आवाज बरा नाही, जरा उघडून बघतो. मग उघड. सगळी उघड. अंगणभर मांड. आणि त्यातला एखादा भाग हरव. जन्मभर ज्या दुर्गुणाने गिऱ्हाइकं रडवलीस, तो आता घरच्या कामी येऊ दे. मी आजारी पडल्याचं सोंग करीन, तो पडायचा वाचेल. आणि मला पडायला एक कोपरा रिकामा ठेव. इथे तो शब्द साधा आहे रे, पाठ टेकण्यापुरता. तेवढासुद्धा मला इतकी वर्षं वापरता आला नाही. दमले. (बादलीची कडी आधीपासूनच सैल होती, याची कृपया नोंद घ्यावी. — लेखनिक)

मामा,

पाकीट चिकटवायला माझ्याकडेच आलं. आईंना वाटतं, लिहिणारी माणसं वाचत नाहीत. खांबाचं मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे. ह्यांच्या बुटाच्या नाड्या हल्ली मीच बांधते. हे म्हणतात कंबर दुखते, मी म्हणते बरं. मला कळलंय हे आईंना कळू देऊ नका, माझ्यापासून लपवायचं आहे म्हणूनच त्या उभ्या आहेत. पत्र मिळाल्याबरोबर बोलावणं धाडा. उशीर केलात तर हे पडतील.

हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला आहे. वाचून झाला की तेवढा खोडून टाका.