हद्दीबाहेरचा ठिपका

ता. १४ मार्च, सकाळ

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्याकडेही असावं. हल्ली तू फोनवर बोलत नाहीस, नुसती हजेरी घेतेस: जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. ते मधेच ठेवता येत नाही.

खालच्या शिंपीणबाई तुझी चौकशी करत होत्या. सुताराने कपाटाचं दार नीट बसवून दिलं. आता ते कुरकुरत नाही, घरात कुरकुरणारा मी एकटाच उरलोय.

तुझ्याकडची मागची खोली हवी की नको ते रविवारपर्यंत कळवा, नाहीतर भाडेकरू ठेवते, असं तू म्हणालीस. त्याचंच उत्तर द्यायला बसलोय, पण आधी माझ्या पद्धतीनं सांगू दे.

थंडीत तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता थकलात." मी तडकलो. बाटल्या भरायच्या कारखान्यात जन्मभर तपासनीस होतो, मापाशिवाय कुणी बोललेलं मला खपत नाही. म्हणून तुझ्या नाकावर टिच्चून स्वयंपाकघराच्या भिंतीवर कंट्रोल चार्ट लावला. औषधाच्या दुकानापर्यंत चालत जायला किती मिनिटं लागली, त्याचा रोज एक ठिपका. मधे सरासरीची रेषा, वर आणि खाली हद्दीच्या रेषा. ठिपके हद्दीत नाचले तर यंत्र ठीक. एखादा बाहेर गेला तर थांबायचं आणि कारण शोधायचं. तुला फोनवर ऐटीत सांगायचो, सगळे हद्दीत आहेत. खोटं नव्हतं ते.

पण पोरी, आणखी एक नियम आहे, तो मी तुला सांगितला नाही. हद्दीत असूनही ठिपके ओळीनं मधल्या रेषेच्या एकाच बाजूला बसायला लागले, तर यंत्र सरकलंय असं समजायचं. गेल्या महिन्यात मला साधी सर्दी झाली. सर्दी गेली, वर चढलेले ठिपके काही खाली आले नाहीत. थकणं म्हणजे तुझ्या आजीसारखं अंथरुणाला खिळणं, असं मी धरून चाललो होतो. ते तसं नसतं गं. लहानसा धक्का बसतो आणि माणूस पुन्हा आपल्या जागी येत नाही, एवढंच.

एक ठिपका मात्र खालच्या हद्दीच्याही खाली गेला होता, म्हणजे त्या दिवशी मी फारच लवकर पोचलो. घड्याळ चुकलं असणार म्हणून मी तो खोडून टाकला. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचा कान उपटला असता! चांगल्या बाजूला बाहेर गेलेल्या ठिपक्याचंही कारण शोधायचं असतं. काल शोधलं. त्या दिवशी तू गोळ्या द्यायला आली होतीस. बसली नाहीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. "माझी वाट तिकडूनच आहे," म्हणालीस आणि दुकानापर्यंत भांडत भांडत बरोबर आलीस. तुला उत्तरं देण्याच्या नादात मी तुझ्या बरोबरीनं चालत गेलो, धापसुद्धा लागली नाही.

एरवी घाई कुणासाठी करू? परत आल्यावर कुलूप मीच काढायचं. दिवसभरात बोलणं होतं ते औषधवाल्याशी, तेही सुट्ट्या पैशांचं. संध्याकाळी आवाज फुटतो का बघायला कधीकधी उगाच खाकरतो. फार एकटं वाटतं, चिमणे. हे तुला फोनवर सांगायला जीभ रेटली नसती.

तेव्हा ऐक. मी थकलोय. चार लोकांत कबूल करणार नाही, तुझ्याजवळ करतो. भाडेकरू ठेवू नकोस. जावईबापूंना सांग, म्हातारा फार जागा अडवणार नाही. न्यायला गाडी किंवा माणूस पाठवू नकोस, तू स्वतः ये. रविवारपर्यंत थांबू नकोस.

तुला काहीही सिद्ध करून दाखवायचं न उरलेला,
तुझा बाबा